जड धातू आणि पिके : बीदर व कलबुर्गी जिल्हे

कॅडमियम, शिसे, क्रोमियम, निकेल हे धातू आणि आर्सेनिक हे धातुसदृश मूलद्रव्य माती-पाण्यातून पिकात शिरले की त्याची वाढ खुंटते व प्रकाशसंश्लेषण मंदावते. जस्त व तांबे पिकाला लागतातच, पण अती झाले की तेही बाधतात. कर्नाटकाच्या ईशान्य टोकाच्या या दोन जिल्ह्यांत मातीत धातू किती आहे एवढेच पाहून भागत नाही. माती तो मुळांना किती सोडते यावर सगळे अवलंबून असते.

बीदर शहर जांभ्याच्या पठारावर वसले आहे. तिथली तांबडी माती आम्लधर्मी असून धातू धरून ठेवण्याची तिची ताकद कमी. भालकी, औराद, आळंद, चित्तापूर या बाजूंना बहुतेक काळी, चुनखडीयुक्त जमीन आहे. तिचा सामू साधारण 8 किंवा त्याहून अधिक. बेसाल्टपासून झालेल्या काळ्या मातीत निकेल, क्रोमियम, तांबे मुळातच बऱ्यापैकी असतात, पण चुना आणि चिकणमाती त्यांना जखडून ठेवतात. त्या जखडण्यात जस्त आणि लोहही सापडतात. गंमत म्हणजे बीदरच्या बिदरी हस्तकलेचा मिश्रधातू बहुतांशी जस्ताचा, त्यात थोडे तांबे. आणि त्याच बीदर मुलखातल्या काळ्या रानात तुरीला झिंक सल्फेट द्यावे लागते.

विषारी धातूचा पहिला फटका मुळांना बसतो. टोके आखडतात, मूळरोम कमी होतात, पाणी व अन्नद्रव्ये कमी उचलली जातात. शिसे बहुतांशी मुळांतच अडकते; कॅडमियम मात्र सहज वर पानांत व दाण्यांत जाते. पानात हरितद्रव्य तयार करणाऱ्या एन्झाइमांना ते अडवते. तयार हरितद्रव्याच्या रेणूतील मॅग्नेशियमची जागाही काही धातू घेतात आणि असा रेणू प्रकाश नीट वापरू शकत नाही. पाण्याचे विघटन करणाऱ्या प्रणालीत मँगॅनीज व कॅल्शियम लागतात, तिथेही कॅडमियमची ढवळाढवळ होते. पर्णरंध्रे मिटतात, कार्बन डायऑक्साइड कमी पडतो, आणि न खपलेली प्रकाशऊर्जा ऑक्सिजनची विनाशक रूपे निर्माण करून हरितलवकांच्या पटलांना जाळते.

कलबुर्गीच्या तुरीला 2019 साली भौगोलिक मानांकन मिळाले. या पिकाची जास्तीची नाजूक जागा म्हणजे मुळांवरच्या गाठी. इंग्लंडमधील वोबर्न येथे 1942 ते 1961 दरम्यान सांडपाण्याचा गाळ घातलेल्या जमिनीत धातू साचले. तुरीसारखेच शेंगवर्गीय असलेले क्लोव्हर तिथे उगवले, पण त्याच्या गाठींतले रायझोबियम जिवाणू नत्र बांधेनासे झाले. मातीने काय सोडावे यात तुरीची मुळे स्वतःही हात घालतात. पिसिडिक आम्ल पाझरून ती लोहाला धरून बसलेला फॉस्फरस सोडवून घेतात, हे हैदराबादजवळच्या पटणचेरूतील इक्रिसॅट या शेती संशोधन संस्थेतील कामातून 1990 साली पुढे आले.

त्याच पटणचेरू परिसरात 1970च्या दशकापासून उभ्या राहिलेल्या कारखान्यांचे सांडपाणी नक्कावागू ओढ्यातून मांजरा नदीत गेले, आणि तिथल्या मातीत जड धातूंचे वाढीव प्रमाण आढळले. मांजरा बीदरहून पुढे तिकडे वाहते, म्हणजे ही घाण बीदरच्या वाट्याची नव्हे. पण याच खोऱ्यातले हे सर्वांत जवळचे उदाहरण. दक्षिणेकडे, पूर्वी गुलबर्गा जिल्ह्यात व आता यादगीरमध्ये असलेल्या सुरपूर तालुक्यात, किरदळ्ळी तांड्याच्या भूजलात आर्सेनिक सापडले. जवळच मंगळूर गावची सोन्याची बंद खाण आहे. आर्सेनेट फॉस्फेटचे सोंग घेऊन त्याच्याच वाटेने मुळात शिरते.

वाडी, सेडम, मळखेड भागातील सिमेंटच्या धुळीचा प्रश्न वेगळा. डिसेंबरच्या दवात ती ओली होऊन तुरीच्या पानांवर करडा, खरखरीत थर बसतो. थर वाळला की प्रकाश आत पोहोचत नाही, रंध्रे बुजतात. हा मार धातूच्या विषापेक्षा चुन्याचा आणि झाकोळीचा जास्त आहे. त्यामुळे पीक पिवळे पडले की लगेच कारखान्यावर बोट ठेवणे घाईचे. हा पिवळेपणा, म्हणजे केवडा, काळ्या रानात बहुधा लोहाच्या उपासमारीने पडतो. एका फांदीवर फेरस सल्फेटचे 0.5 टक्के द्रावण फवारून नवी पाने आठवड्याभरात हिरवी झाली, तर दोष लोहाचाच.

माती परीक्षणात 'एकूण' व 'उपलब्ध' धातूचे आकडे निराळे असतात. पिकाशी संबंध दुसऱ्याचा. आंतरराष्ट्रीय अन्नमानके ठरवणाऱ्या कोडेक्सने डाळींसाठी कॅडमियमची कमाल मर्यादा किलोला 0.1 मिलिग्रॅम ठेवली आहे. काही फॉस्फेट खतांतून हा धातू थोडा थोडा येतच असतो. जांभ्या जमिनीत चुना व शेणखत घातल्यास तो मुळांपर्यंत कमी पोहोचतो. काळ्या जमिनीत मात्र चुना टाकणे म्हणजे लोह-जस्ताची टंचाई आणखी वाढवणे.