काळीपिवळीत गाणं कोणाच्या पसंतीचं?

साकोलीहून लाखांदूरकडे किंवा भंडाऱ्याहून पवनीकडे निघालेल्या काळीपिवळीत माणसं दाटीवाटीनं बसतात, पण गाणं एकच वाजतं. ते कोणाच्या पसंतीचं, याचं उत्तर गेल्या पाऊणशे वर्षांत बऱ्याचदा बदललं.

आधी पसंती आकाशवाणीची होती. नागपूर केंद्र १६ जुलै १९४८ रोजी सुरू झालं, १९५७ साली विविध भारती आली. रेडिओ घरात असो की मोटारीत, १९३३ च्या कायद्यानं त्याला परवाना लागे. ही भानगड १९८० च्या दशकात संपली. तोवर गाडीतला रेडिओ म्हणजे बड्या घरची चैन.

मे १९८८ मध्ये आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी सुरू झाली. कार्यक्रम संध्याकाळपासून पहाटेपर्यंत, आणि १००० किलोवॅटचा दणकट ट्रान्समीटर नागपूरजवळ बुटीबोरीला. मध्यम लहरी रात्री वातावरणाच्या वरच्या थरावरून परततात आणि लांब पोचतात, म्हणून देशाच्या मधोमध ही जागा. तेव्हाच्या सहा नंबरच्या, म्हणजे आताच्या ५३ क्रमांकाच्या महामार्गावर लाखनी-साकोली ओलांडणाऱ्या ट्रकवाल्यांना ही वाहिनी शेजारचीच. २०१९ च्या सुरुवातीला ती बंद झाली.

कॅसेटनं पसंती ड्रायव्हरच्या हाती दिली. फिलिप्सनं ती १९६३ मध्ये आणली, पण आपल्याकडे ती टपरीटपरीवर पोचली ती १९८० च्या दशकात, टी-सिरीजच्या स्वस्ताईमुळे. मे महिन्यात भंडाऱ्याचं ऊन डॅशबोर्डवर विसरलेली कॅसेट सहज वाकवतं. रीळ डेकमध्ये गुंतलं की पेन्सिल घालून फिरवायचं आणि तेच गाणं पुन्हा लावायचं. प्रवाशांनी कुरकुर केली तर आवाज वाढायचा.

मग मोबाइल आला. त्यातली गाणी जुन्या डेकला ऐकवण्यासाठी जे जुगाड निघाले, ते या इतिहासातलं सगळ्यात मजेदार प्रकरण. एक होती खोटी कॅसेट: आत रीळ नाही, बाहेर वायर, आणि टेपच्या हेडसमोर बसणारं छोटं चुंबकीय हेड. डेकला वाटे, टेपच फिरतेय. दुसरा सिगारेट लायटरच्या खाचेत बसणारा एफएम ट्रान्समीटर. रेडिओवर रिकामी जागा शोधायची आणि आपलंच चिमुकलं स्टेशन चालवायचं. खेड्यांकडच्या रस्त्यावर हे झकास चाले, कारण तिथं एफएमची गर्दी नाही. नागपूर जवळ आलं की त्याच आकड्यावर भलत्याच जाहिराती घुसायच्या.

ब्लूटूथचं काम एरिक्सन कंपनीत १९९४ मध्ये सुरू झालं आणि पहिलं प्रमाण १९९९ मध्ये ठरलं. त्यात बोलण्याची वाट वेगळी, संगीताची वेगळी. म्हणूनच काही जुन्या डेकवर फोन घेता येई, गाणं मात्र वाजत नसे. जोडताना ०००० किंवा १२३४ टाकायचं की झालं. फोनमधली नावंही गाडीच्या पडद्यावर उतरू लागली. जुनी गाडी घेणाऱ्याला आधीच्या मालकाच्या फोनचं नाव तिथं सापडतं, कधीकधी नातेवाइकांची यादीसुद्धा. विकण्याआधी ती पुसायचं कोणाच्या लक्षात राहतं?

गाडीतल्या फोनबाबत कायद्याची नजर हातावर आहे. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनं गाडी चालवताना हातातलं संपर्कयंत्र वापरणं धोकादायक वाहनचालनात घातलं. ऑक्टोबर २०२० पासूनच्या नियमानं रस्ता पाहण्यापुरती मोकळीक दिली. पण अमेरिकेतल्या युटा विद्यापीठाच्या डेव्हिड स्ट्रेयर यांनी २००१ मध्येच दाखवलं होतं की फोन हातात असो वा नसो, बोलण्यात गुंतलेला चालक सिग्नल सारखेच चुकवतो. अडचण हाताची कमी आणि लक्षाची जास्त; स्टिअरिंगवरच्या बटणानं ती सुटत नाही.

फोनची गंमत गाडीबाहेरही ऐकू येते. झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या भागात, भाऊबीजेपासून होळीपर्यंत मंडया (गावजत्रा) आणि नाटकांचा हंगाम असतो. नाटकाचा भोंगा लावलेली गाडी गावोगाव फिरते. पूर्वी तीत माईक धरून माणूस बसे; आता जाहिरात मोबाइलमध्ये भरलेली असते आणि वायरीनं अॅम्प्लिफायरला जोडलेली. ऐन जाहिरातीत ड्रायव्हरला फोन आला आणि त्यानं तो उचलला, तर पलीकडचं ‘कुठं आहेस बे? पैसे कधी देतोस?’ अख्ख्या गावाला ऐकू जातं.