उतरणीची विद्या

चढण कठीण आणि उतरण सोपी, असा सर्वसाधारण समज आहे. आणि आयुष्याविषयीं बोलतांनाहि आपण तोच दृष्टांत वापरतों. परंतु ज्यांचा चरितार्थ घाटावर चालला, त्यांचा अनुभव नेमका उलटा आहे. चढतांना जनावर दमतें, थांबतें, फार तर खालीं बसतें. उतरतांना तें घसरलें, कीं पाठीवरचा माल आणि पुढें चालणारा माणूस या दोघांचाहि भरंवसा उरत नाहीं. चढणीला बळ लागतें, उतरणीला आवर लागतो. हा आवर कोणीं व कसा धरावा, हा सह्याद्रीच्या घाटवाटांइतकाच जुना प्रश्न असून, तो आज आपल्या स्वयंचलित गिअरच्या मोटारींत पुन्हां येऊन बसला आहे. त्याचा थोडासा इतिहास येथें सांगण्याचा आमचा विचार आहे.

आरंभ जुन्नरपासूनच केला पाहिजे. शहराच्या पश्चिमेस नाणेघाट आहे. कल्याण व सोपारा या बंदरांतून निघालेला माल याच खिंडीनें घाटमाथ्यावर चढे आणि जुन्नरवरून पैठण-तेरकडे जाई. माथ्यावरील लेण्यांत सातवाहन राणी नागनिका हिचा ब्राह्मी लिपींतील लेख आहे. राजकुलानें केलेले यज्ञ आणि त्यांत दिलेल्या दक्षिणा यांची त्यांत नोंद असून, त्यांतील आंकडे आपल्या देशांतील अंकलेखनाच्या अतिशय जुन्या नमुन्यांपैकीं आहेत. जवळच एक दगडी रांजण आहे. व्यापारी आपली जकात त्यांत टाकीत, असें परंपरा सांगते. प्रवासी लेख पाहतात, रांजण पाहतात. परंतु पायांखालची वाट क्वचितच निरखून पाहतात. ही वाट खडकांतून काढलेली असून तिला जागोजागीं पायऱ्या आहेत. पायरी म्हणजे तरी काय? एका मोठ्या उतरणीचे केलेले लहान लहान तुकडे. प्रत्येक तुकड्यावर पाऊल टेकतें, वेग मोडतो, आणि मगच पुढचें पाऊल पडतें. आवर धरण्याचें काम येथें वाटेनेंच पत्करलें होतें.

चाकाला मात्र पायरी चालत नाहीं. म्हणून शतकानुशतकें आमच्या घाटांतून माल उतरला तो मुख्यतः बैलांच्या पाठीवरून. गोण्या लादलेले तांडे हेंच त्या वाटांचें वाहन होतें. चाकांचा खरा रिघाव झाला तो येथून दक्षिणेस, बोरघाटांत. तेथें १८३० सालीं गाडीरस्ता खुला झाला आणि १८६३ सालीं त्याच घाटांतून आगगाडी धांवूं लागली. या लोहमार्गाचा चढ कांहीं ठिकाणीं सदतिसांस एक इतका उभा होता. गाडी वर कशी न्यावी, एवढाच विचार करून इंजिनियरांचें भागलें नाहीं. उतरणारी गाडी हाताबाहेर गेली तर तिला अडविण्यासाठीं त्यांनीं मुख्य रुळांना उलट चढावर जाणारे आडफांटे जोडले. ब्रेकवर सर्वस्वीं विसंबूं नये, ही त्या आडफांट्यांची शिकवण होती.

मोटार आली तेव्हां तिनें हीच शिकवण आपल्या पोटांत घेतली. ज्या गिअरमध्यें घाट चढावा, त्याच गिअरमध्यें तो उतरावा, हा जुन्या चालकांचा दंडक पुढच्या पिढ्यांना तोंडींच मिळाला. त्याचें कारण सोपें आहे. खालच्या गिअरमध्यें चाकें एंजिनाला जोरानें फिरवितात. पेट्रोल न पाजतां फिरविलेलें एंजिन हवा ओढण्याच्या व दाबण्याच्या श्रमांतच गाडीची ओढ खाऊन टाकतें. बैलाला मागून वेसण धरून उतरविणाऱ्या माणसाचें काम एंजिन करूं लागतें, आणि ब्रेक प्रसंगापुरता राखून ठेवतां येतो.

पुढें १९४० च्या नमुन्याच्या ओल्डस्मोबिल गाड्यांत अमेरिकेच्या जनरल मोटर्सनें हायड्रामॅटिक नांवाचा गिअर बसविला. क्लचची पट्टी गेली आणि पुढचे चार गिअर आपोआप पडूं लागले. परंतु लक्षांत घेण्यासारखी गोष्ट अशी, कीं या पहिल्याच लोकप्रिय स्वयंचलित गिअरच्या दांडीला नेहमींच्या जागेखेरीज खालचे गिअर धरून ठेवणारी एक निराळी जागा ठेवलेली होती. ज्यांनीं हात सोडविला, त्यांनींच हाताला परत येण्याची वाट उघडी ठेवली. पोर्शे कंपनीनें १९८९ च्या सुमारास टिपट्रॉनिक या नांवानें दांडीशेजारीं अधिक व उणे अशा खुणांची दुसरी खांच दिली. आपल्याकडे २०१४ सालीं मारुतीच्या सेलेरिओ गाडीनें नेहमींच्याच गिअरपेटीला क्लच दाबणारी व गिअर बदलणारी यंत्रणा जोडून स्वयंचलित गिअर मध्यम वर्गाच्या आटोक्यांत आणला. आणि तिच्याहि दांडीवर त्या अधिक-उण्याच्या खुणा होत्याच.

आतां या खुणा पुष्कळांना केवळ हौसेची बाब वाटतात. तरुणांना वेगाची मौज म्हणून त्या ठाऊक असतात, वडीलधाऱ्यांना त्या ठाऊकच नसतात. आम्हीहि कित्येक वर्षें त्यांना हात लावला नव्हता. मग एका पावसाळ्यांत आळेफाट्याहून कल्याणकडे माळशेज घाट उतरतांना दांडी नेहमींच्या जागीं तशीच राहूं दिली. दर वळणावर पाय ब्रेकवर, आणि दोन वळणांमध्येंहि पाय ब्रेकवरच. पायथ्याशीं आलों तेव्हां चाकांतून जळकट वास येत होता, आणि पट्टी दाबली असतां ती आधीं नुसतीच खोल जात होती. गाडी बाजूला उभी करून आम्ही घटकाभर धबधबे पाहत राहिलों. मुलांना तो सहलीचाच भाग वाटला.

झालें होतें तें असें. गाडीचा वेग किती आणि पेट्रोलची पट्टी किती दाबली आहे, यांवरून मुख्यतः यंत्र गिअर निवडतें. उतारावर आपण पट्टीवरून पाय काढतों. यंत्राला वाटतें, ओझें हलकें झालें. तें वरचा गिअर टाकतें, आणि एंजिनाचा आवर सुटतो. मग सारा भार ब्रेकवर पडतो. एक हजार किलो वजनाची गाडी ५०० मीटर खालीं उतरली, तर त्या उताराची शक्ति सुमारें १५ लिटर साधें पाणी उकळीस आणण्याइतकी असते. तिच्यांतील कांहीं वारा व रस्ता घेतो. उरलेली सर्व चार चाकांजवळच्या मूठभर लोखंडांत उष्णता होऊन सांचते. ती फार वाढली, कीं ब्रेकची पकड ढिली पडते आणि त्यांतील तेलाला उकळी फुटूं शकते. पेट्रोल वांचविण्यासाठीं गिअर काढून उतरणारे तर दुहेरी फसतात. कारण आधुनिक एंजिन गिअरमध्यें राहून उतारावर ओढलें जात असतां बहुधा पेट्रोल घेतच नाहीं, आणि गिअर काढल्यावर मात्र स्वतः फिरत राहण्यासाठीं तें घेऊं लागतें.

यंत्रावर अन्याय होऊं नये म्हणून हेंहि सांगितलें पाहिजे, कीं कांहीं गाड्या उतार ओळखून खालचा गिअर आपणहून धरतात. आणि हातीं गिअर घेतल्यावरहि भलत्या वेगांत फार खालचा गिअर मागितला, तर यंत्र तो नाकारतें. तें नाकारणें योग्यच आहे. परंतु यंत्राला पायांखालचा रस्ता कळतो, वळणापलीकडचा कळत नाहीं. धुक्यांत बुडालेलें पुढचें वळण, तेथून चढून येणारी एस. टी., दरडीचे पडलेले दगड, हें सर्व आगाऊ जाणणें माणसाचेंच काम राहिलें आहे. म्हणून उतार लागण्यापूर्वींच वेग कमी करून, दांडी हातच्या खांचेंत घेऊन, दुसरा किंवा तिसरा गिअर धरावा आणि ब्रेक थोडा वेळ पण ठाम दाबून सोडावा. श्रावणांत भीमाशंकराहून डिंभें, घोडेगांव, मंचर या वाटेनें परतणाऱ्या आंबेगांवच्या भाविकालाहि हाच उपदेश लागू आहे. दर्शन झाल्यावर मन सैल होतें आणि उतरण तेथूनच सुरू होते.

प्रत्येक सुधारणा आपला एक श्रम कमी करते, आणि त्याबरोबर एक विद्या विसरावयास लावते. श्रम गेले याचें दुःख करण्याचें कारण नाहीं. गोण्यांखालीं वांकलेल्या बैलांना विचारलें असतें, तर त्यांनीं मोटारीलाच कौल दिला असता. परंतु ज्या विद्येवर जीव अवलंबून आहे, ती यंत्राच्या हवालीं करून मोकळें होतां येत नाहीं. नाणेघाट उतरणारा वाटसरू दर पायरीवर क्षणभर थांबत असे. दांडीवरील उण्याची ती बारीकशी खूण ही आमच्या गाडींतील पायरी आहे. घाट उतरतांना तिच्यावर हात टेकण्यास आम्ही आतां विसरत नाहीं.