कॅनडात नव्याने गेल्यावर आरोग्य, नोकरी आणि व्हिसाची खात्रीची माहिती कुठे मिळते?

कॅनडात पोहोचल्यावर पहिल्या काही आठवड्यांत पडणारे प्रश्न बहुतेकांचे सारखेच असतात. आजारी पडलो तर खर्च कोण करणार? पगार अडकला तर दाद कुठे मागायची? वर्क परमिटबद्दल कुणाला विचारायचं?

अनेक जण हे प्रश्न आधी ओळखीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकतात. पाच मिनिटांत दहा उत्तरंही येतात. अडचण अशी, की उत्तर देणाऱ्यासाठी ते शंभर टक्के खरं असतं, पण विचारणाऱ्याला ते लागू पडेलच असं नाही. कारण कॅनडात सगळे नियम एकाच सरकारचे नसतात.

कोणता प्रश्न कोणत्या सरकारचा?

व्हिसा, वर्क परमिट आणि नोकरीसाठी लागणारा नऊ आकडी 'सिन' क्रमांक हे विषय केंद्र सरकारकडे आहेत. सरकारी आरोग्य विमा मात्र प्रत्येक प्रांत स्वतः चालवतो.

किमान वेतन, ओव्हरटाइम, सुट्ट्या यांचे नियमही बहुतेक नोकऱ्यांसाठी प्रांतच ठरवतात. बँका, विमान कंपन्या, टेलिकॉम आणि एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात जाणारी ट्रक वाहतूक यांना केंद्राचा कामगार कायदा लागू होतो.

म्हणून नियम शोधण्याआधी तो कुणाच्या अखत्यारीत आहे, हे पाहायला हवं.

आरोग्य विमा कधी सुरू होतो?

ऑन्टारियोमध्ये पात्र व्यक्तींसाठी असलेली तीन महिन्यांची प्रतीक्षा २०२० मध्ये रद्द झाली. ब्रिटिश कोलंबियात ती अजून आहे. तिथे आलेल्या महिन्याचे उरलेले दिवस आणि त्यानंतरचे दोन महिने थांबावं लागतं. म्हणजे १० सप्टेंबरला व्हँकुव्हरला पोहोचलेल्या व्यक्तीचा विमा १ डिसेंबरला सुरू होतो.

टोरांटोतल्या मित्राचं ऐकून 'विमा लगेच मिळतो' असं गृहीत धरलं आणि मधल्या काळात हॉस्पिटलमध्ये जावं लागलं, तर बिल खिशातून भरावं लागू शकतं. या काळासाठी खासगी विमा घेणं शहाणपणाचं ठरतं.

परदेशी विद्यार्थ्यांनी आणखी सावध राहायला हवं. ऑन्टारियोच्या सरकारी विम्यात ते सहसा येत नाहीत. त्यांच्यासाठी विद्यापीठांची वेगळी विमा योजना असते.

तातडीची नसलेली दुखणी असतील तर ऑन्टारियो, ब्रिटिश कोलंबिया, अल्बर्टा, क्वेबेक अशा प्रांतांत ८११ वर फोन करून नर्सचा सल्ला मोफत मिळतो. जीवावरचा प्रसंग असेल तर ९११.

पगार दिला नाही तर?

वकील न करताही प्रांताच्या कामगार मानकं विभागाकडे थेट तक्रार करता येते. पण मुदत वेगवेगळी आहे. ऑन्टारियोमध्ये थकलेल्या पगारासाठी साधारण दोन वर्षांत दावा करता येतो. ब्रिटिश कोलंबियात नोकरी सुटल्यापासून फक्त सहा महिने मिळतात. 'अजून वेळ आहे' हा दुसऱ्या प्रांतातला सल्ला इथे हक्काचे पैसे बुडवू शकतो.

दोन गोष्टी मात्र देशभर सारख्या आहेत. मालक कामगाराचा पासपोर्ट किंवा वर्क परमिट स्वतःकडे ठेवू शकत नाही. परदेशी कामगार नेमण्याच्या परवानगीसाठी, म्हणजे 'एलएमआयए'साठी, मालकाने भरलेली १,००० डॉलर फी कामगाराकडून वसूल करणंही बेकायदेशीर आहे.

एकाच मालकाशी बांधलेल्या परमिटवर छळ होत असेल, तर २०१९ पासून अशा कामगारांना खुल्या वर्क परमिटसाठी अर्ज करता येतो. त्याला सरकारी फी नाही.

एजंट खरा आहे का, हे कसं ओळखायचं?

इमिग्रेशनच्या सल्ल्यासाठी पैसे घेण्याचा अधिकार मोजक्याच लोकांना आहे: परवानाधारक वकील, क्वेबेकचे नोटरी, ऑन्टारियोचे पॅरालीगल आणि 'कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्स' या नियामक संस्थेचे परवानाधारक सल्लागार. या संस्थेची सदस्य यादी इंटरनेटवर कुणालाही मोफत पाहता येते. पुणे किंवा नागपुरातला एजंट कॅनडाच्या अर्जासाठी सल्ला-फी मागत असेल, तर त्यालाही हाच नियम लागू होतो.

सिन क्रमांक काढायला पैसे लागत नाहीत. सरकारी अर्जही सरकारी संकेतस्थळावर फुकट मिळतात. त्यांचे पैसे कुणी मागितले तर तिथेच थांबावं.

काहीच कळत नसेल तर सुरुवात कुठून?

२११ हा मोफत क्रमांक जवळची निवारा केंद्रं, अन्नमदत, कायदेशीर मदत आणि नवागतांसाठीच्या संस्था शोधून देतो. दुभाष्याची सोयही असते. पीआर मिळालेल्यांना केंद्राच्या निधीवर चालणाऱ्या संस्थांत नोकरी शोधण्यापासून इंग्रजीच्या वर्गांपर्यंतची मदत मोफत मिळते. ऑन्टारियोत कमी उत्पन्न असलेल्यांसाठी सामुदायिक कायदा केंद्रं आहेत.

ग्रुपवरची माणसं घर शोधायला, पोळ्यांची कणीक कुठे मिळते ते सांगायला उपयोगाचीच असतात. नियमांबद्दल मात्र उत्तर देणाऱ्याला तीन प्रश्न विचारावेत: कोणता प्रांत, कोणतं परमिट आणि कोणत्या वर्षीचा अनुभव? यातलं एकही उत्तर जुळलं नाही, तर फोन उचलून २११ लावावा.