काटा आधी सांगतो

मासवणला सूर्या नदीवरच्या पंपघरात माझे वडील कामाला होते. दाबमापकाचा काटा अचानक खाली आला, की पुढे कुठेतरी पाइप फुटला हे ते ओळखत. नळ कोरडे पडल्याची तक्रार मागाहून यायची. उतारवयात त्यांचं हृदय थकलं. पाय सुजले, रात्री बसून झोपायची वेळ आली, की आम्ही त्यांना शटलने मुंबईला नेत असू. डॉक्टर म्हणायचे, ‘‘आतला दाब आधीच वाढला होता. सूज मागाहून दिसली.’’ त्यावर वडील विचारत, ‘‘पाइपाला काटा असतो, मग माणसाला का नाही?’’

माणसं त्या काट्याच्या शोधात फार पूर्वीपासून आहेत. स्टीफन हेल्स या इंग्रज धर्मोपदेशकानं घोडीच्या धमनीत पितळी नळी घातली आणि तिला उभी काचेची नळी जोडली. रक्त आठ फुटांहून वर चढलं. हे त्यानं १७३३ मध्ये प्रसिद्ध केलं. घोडी अर्थातच वाचली नाही! दंडाला बांधायचा रिवा-रोची यांचा पट्टा आला १८९६ मध्ये. पण हृदय थकलेल्या माणसाचा खरा हिशेब असतो फुप्फुसाकडे जाणाऱ्या धमनीत, आणि तिथवर दंडावरचा पट्टा पोचत नाही. १९२९ मध्ये वेर्नर फोर्समान या तरुण जर्मन डॉक्टरानं स्वतःच्याच हातातून हृदयापर्यंत नळी सरकवली आणि तसाच चालत एक्स-रे काढायला गेला. त्याला नोबेल मिळालं ते १९५६ मध्ये. पण अशी नळी घालून कुणी महिनोन् महिने घरी राहू शकत नाही.

आपल्याकडेही या दिशेनं काम झालं. तारापूरमुळे भाभा अणुसंशोधन केंद्राचं नाव आम्हाला घरचंच. तिथले जिंदल आणि केईएमचे परुळकर यांनी सहकाऱ्यांसह त्वचेवरून अगदी सौम्य वीजप्रवाह सोडून रक्ताचा ओघ मोजण्याचं तंत्र राबवलं. रक्त वीज चांगली वाहून नेतं. ठोक्यासरशी ते हातापायात आलं, की विजेला होणारा विरोध घटतो. त्याची तत्त्वं मांडणारा त्यांचा लेख १९९० मध्ये केईएमच्या नियतकालिकात आला.

शरीराच्या आत कायमचा बसणारा काटा अमेरिकेत मान्य झाला मे २०१४ मध्ये. त्याचं नाव कार्डिओमेम्स. पेपरक्लिपएवढा, बॅटरी नसलेला. दाब वाढला की आतल्या दोन पट्ट्या जवळ येतात आणि त्याची कंपनसंख्या बदलते. रुग्णानं घरी खास उशीवर पडायचं. उशीतला अँटेना ती टिपतो. ५५० रुग्णांच्या चाचणीत सहा महिन्यांत हृदय थकल्यामुळे रुग्णालयात भरती होणं २८ टक्क्यांनी घटलं. तरी सल्लागार समितीनं आधी शंका काढलीच: गुण यंत्राचा, की परिचारिकांच्या फोनचा? मला ही शंका पटते. पंपघरातही काट्यासमोर माणूस जागा असावाच लागे.

त्याच ऑगस्टमध्ये पालघर जिल्हा झाला. वडील त्याआधीच गेले होते. डॉक्टरांनी सांगितल्यावरून ते रोज सकाळी वजन करत, कारण अंगात पाणी साठलं की आधी वजन वाढतं. ती वही माझ्याकडे आहे. पंपघरातल्या नोंदवहीसारखेच रकाने: तारीख, वेळ, आकडा, आणि शेवटी सही.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)