आढकाचं भांडं

गुढीपाडव्याला देवळाच्या ओसरीवर जोशीबुवा पंचांग वाचायला बसले की आम्हा पोरांना जिभेवरचा कडुनिंब कधी जातो याचीच घाई असे. मोठी माणसं मात्र एका आकड्यासाठी थांबलेली असत. यंदा पाऊस किती आढक? बुवा आकडा सांगत, वर त्यातला समुद्रावर किती, डोंगरावर किती, जमिनीवर किती, याची वाटणीही करून देत. समुद्राचा वाटा मोठा निघाला की ओसरीवर कुणीतरी हमखास सुस्कारा टाकी. पण आढक म्हणजे नेमकं केवढं, हे विचारलेलं मी कधी ऐकलं नाही.

आढक मुळात धान्याचं माप. चार प्रस्थांचा एक आढक आणि चार आढकांचा एक द्रोण. पायली आणि अधोलीचा जुना भाऊबंद म्हणा. ते पावसाला कसं चिकटलं, याचा धागा कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सापडतो. कोष्ठागारात, म्हणजे सरकारी कोठारात, अरत्निभर तोंडाचं कुंड पाऊस मोजायला ठेवावं, असं तिथे सांगितलंय. अरत्नि म्हणजे कोपरापासून करंगळीच्या टोकापर्यंतची लांबी. हे भांडं देवळात नाही, ज्योतिष्याच्या घरी नाही, तर कोठारात! जिथे राजाचा धान्याचा वाटा मापून घ्यायचा, तिथेच त्या धान्याचं पाणीही मापायचं.

शेतीखात्याचा अधिकारी, सीताध्यक्ष, याच्या प्रकरणात तर प्रदेशवार आकडेच आहेत. कोरड्या जांगल प्रदेशाला १६ द्रोण, पाणथळ भागाला त्याच्या दीडपट, अवंतीला २३. आणि अपरान्ताला, म्हणजे आपल्या कोकणाला? ‘अमित’. मोजदाद नाही! कोकणातल्या पावसावर याहून नेमका शेरा मी वाचलेला नाही. पण मला त्या प्रकरणातलं खरं शहाणपण पुढे दिसतं. एकूण पावसाचा एक तृतीयांश पहिल्या आणि शेवटच्या महिन्यात मिळून पडावा, दोन तृतीयांश मधल्या दोन महिन्यांत. असं झालं तर साल चांगलं. म्हणजे नुसती बेरीज बघून चालत नाही, पाऊस कधी पडला तेही बघावं लागतं. आणि पाणी जास्त की कमी ते पाहून त्याला मानवेल ते पीक पेरावं, हा सल्लाही लगेच जोडलेला. आज मोबाइलवर येणाऱ्या कृषी सल्ल्यात याहून वेगळं काय असतं?

सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेत हेच भांडं पुन्हा मांडलं. हातभर रुंद कुंड, आणि त्यात ५० पळं वजनाचं पाणी साचलं की एक आढक. पण त्याच ग्रंथात मेघांच्या गर्भधारणेचाही विचार आहे. हिवाळ्यात आभाळाला गर्भ राहतो आणि १९५ दिवसांनी तो पावसाच्या रूपाने जन्मतो, असा तो हिशोब. मोजणं आणि भाकीत तिथे एका घरात नांदत होते. पुढे भाकीत घरात राहिलं, भांडं बाहेर पडलं. पंचांगातले आढक आज कुंडातून येत नाहीत, गणितातून येतात. माप गेलं, मापाचं नाव उरलं.

पंचांगातल्या पावसाच्या वाहनांचंही तसंच. सूर्य पावसाच्या नक्षत्रात शिरतो तेव्हा चंद्र कुठे आहे ते पाहायचं, सूर्यनक्षत्रापासून तिथवर मोजायचं आणि नवाने भागायचं. बाकी १ उरली तर घोडा, ३ उरले तर बेडूक, ८ उरले तर गाढव, काहीच उरलं नाही तर हत्ती. मृगापासून श्रवणापर्यंत मोजले की १८ भरतात, म्हणजे हत्ती, भरपूर पाऊस. चंद्र एक नक्षत्र मागे, उत्तराषाढात असला तर गाढव. चंद्र साधारण रोज एक नक्षत्र ओलांडतो, तेव्हा हत्ती आणि गाढव यांच्यात उणापुरा एक दिवस. शिवाय हा हत्ती साताऱ्यात महाबळेश्वरलाही तोच आणि माणदेशातही तोच. एकीकडे वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर, दुसरीकडे पाचशेच्या आसपास. कौटिल्याने निदान जांगल आणि अपरान्त वेगळे ठेवले होते.

नक्षत्रांना मात्र मी हसणार नाही. तेरा-चौदा दिवसांचे हे तुकडे म्हणजे शेतकऱ्याचं कामाचं वेळापत्रक आहे. पुनर्वसूचा तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा, मघांचा सासूचा, पूर्वांचा सुनेचा. ही नावं पंचांगकर्त्याने ठेवलेली नाहीत, बांधावर भिजलेल्यांनी ठेवलीत.

भांडं परत आलं ते सरकारी पर्जन्यमापक होऊन, आणि तेही दुष्काळामागून. १८६६ आणि १८७१ साली पावसाने दगा दिला, १८७५ मध्ये हवामान खातं उभं राहिलं, आणि त्याचे पहिले प्रमुख ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातल्या बर्फाचा अदमास घेऊन ४ जून १८८६ रोजी मोसमी पावसाचा अंदाज जाहीर केला. खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यात आलं. शिवाजीनगरच्या त्याच्या घड्याळाच्या मनोऱ्याच्या इमारतीला पुणेकर अजून सिमला ऑफिसच म्हणतात. पुण्यातच १९३२ मध्ये कृषी हवामान विभाग निघाला. त्याची धुरा एल. ए. रामदास यांच्याकडे होती. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री सर्वांत गार हवा उघड्या जमिनीला चिकटून नसते, तर वीत-दोन विती वर असते, हे त्यांनी दाखवलं. म्हणजे नेमकी रोपाच्या शेंड्याशी. १९४५ पासून शेतकऱ्यांसाठीचं हवामान वार्तापत्र रेडिओवरून देशी भाषांत येऊ लागलं.

आता महाराष्ट्रात महसूल मंडळाला एक, अशी दोन हजारांवर स्वयंचलित केंद्रं आहेत. चोवीस तासांत मंडळात ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस नोंदला गेला तर अतिवृष्टी, नाहीतर नाही. त्यामुळे पारावरची विचारपूसही बदलली आहे. ‘ओल किती गेली?’ च्या जोडीला ‘मंडळात किती लागला?’ आलं. आपल्या शिवारात बांध फुटले आणि यंत्राच्या गावात नुसता शिडकावा झाला, तर भांडण यंत्राशी नसतं, तलाठ्याशी असतं. कोठारातल्या कुंडाजवळही तेव्हा असंच कुणी हुज्जत घालत उभं असेल.