माळवद, पन्हळ आणि मातीचं ओझं

'पन्हळ' हा शब्द संस्कृतातल्या 'प्रणाल'वरून आला. देवळाच्या गाभाऱ्यातून अभिषेकाचं पाणी बाहेर नेणारी दगडी वाट म्हणजे प्रणाल. आमच्या मुदखेडकडे मात्र हा शब्द माळवदावर जाऊन बसला. माळवदाच्या घरात न राहिलेल्या पुणे-मुंबईकरांसाठी थोडं सांगतो. जाड दगडी भिंती, लाकडी खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर सर, मग फळ्या, थोडा पाला आणि वर चांगला हात-दीड हात पांढऱ्या मातीचा थर. छप्पर सपाट, पण अगदीच सपाट नाही. एका अंगाला नकळत उतार, आणि त्या टोकाला भिंतीबाहेर डोकावणारी पन्हळ. उन्हाळ्यात घर गार राहतं ते या मातीमुळेच.

आता ही पन्हळ तुंबली तर काय होतं? वरवर काहीच नाही. लिंबाचा पाला, कबुतरांची घाण आणि पावसात वाहून आलेली माती तोंडाशी साचते. पाणी तिथेच मुरतं. भिंतीत बसलेलं तुळईचं टोक आधी कुजतं, मग वाळवी येते. खाली बसलेल्या माणसाला दिसते फक्त गळती.

गळतीवरचा उपाय ठरलेला: आणखी माती टाका! मृगाआधी माळवदावर नवी माती पसरून चोपायची ही जुनी रीत. ती शहाणपणाचीच होती, पण जुनी माती काढून नवी टाकली तर. काढायचा कंटाळा सगळ्यांनाच. थरावर थर चढत गेले.

किल्लारीत याची किंमत कळली. 30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, लोक विसर्जन करून उशिरा झोपलेले. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसं गेली. भूकंपाचं मान सव्वासहाच्या आसपास, म्हणजे जगाच्या हिशेबात मध्यमच. मारलं ते घरांनी. नंतर पाहणी करणाऱ्या अभियंत्यांना काही छपरांवर मातीचा थर दोन-अडीच फुटांपर्यंत मिळाला. हिशेब करून बघा. दहा बाय बाराची खोली, दीड फूट माती, घनमीटरला साधारण दीड-पावणेदोन टन. म्हणजे डोक्यावर आठ टन! खाली भिंती दगडाच्या, पण सांधे मातीचे, आणि आतल्या-बाहेरच्या दगडांना एकत्र बांधणारे लांब दगड बहुधा नाहीतच.

सगळा दोष तुंबलेल्या पन्हळीवर ढकलण्याएवढा मी भोळा नाही. पण एक गोष्ट विसरता येत नाही. जिथे छताचं ओझं भिंतींवर नव्हे तर लाकडी खांबांवर होतं आणि लाकूड शाबूत होतं, तिथे भिंती ढासळूनही माळवदं उभी राहिली, आणि खालची माणसं वाचली. लाकूड शाबूत राहतं कशानं, तर कोरडं राहिल्यानं.

भूकंपानंतर माळवदाची धास्तीच बसली. लोक पत्र्याखाली झोपू लागले, मग स्लॅब आले. मुदखेडातही आता नवं घर म्हणजे स्लॅबच. (उन्हाळ्यात आत भट्टी, ते असो.) पन्हळीची जागा चार इंची पीव्हीसी पाइपानं घेतली. लिंबाचा पाला मात्र तोच आहे. पाइप तुंबला की स्लॅबवर तळं होतं, ओल सळईपर्यंत पोचते, सळई गंजते. गंजलेलं लोखंड फुगतं आणि खालचा गिलावा पापुद्र्यासारखा सुटून पडतो. मग आपण काय करतो? वर सिमेंटचा आणखी एक थर!

आपल्या जुन्या घराच्या मागच्या दोन खोल्यांवर अजून माळवद आहे. तिथली माती किती जाड आहे, ते कुणीतरी सळई खुपसून मोजायला हवं. आणि पन्हळ साफ करायला रोहिण्या निघायच्या आत वर कोण चढणार, तेवढं आपसात ठरवून मला फोन करा. शिडी शेजारच्या काकांकडे आहे.