हेल्मेटमधील सूर : दुचाकीवर संगीत कसे आले?

(१)
कानात गाणे आणि हातात हँडल. पुणे-सातारा महामार्गावर हे दृश्य आज इतके सर्रास दिसते की, त्याला काही इतिहास असेल असे कोणाच्या मनात येत नाही. पेट्रोल इंजिनाची पहिली दुचाकी गॉटलीब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख यांनी १८८५ मध्ये बनवली. त्यानंतर सुमारे नऊ दशके चालत्या मोटारसायकलीवर संगीत ऐकणे जवळजवळ अशक्यच होते. ते शक्य कसे झाले, आणि त्याची किंमत काय, हे या धाग्यात पाहू.

(२)
मोटारगाडीला रेडिओ फार लवकर मिळाला. अमेरिकेतील गॅल्विन बंधूंनी १९३० मध्ये ‘मोटोरोला’ या नावाने गाडीत बसवता येणारा रेडिओ विक्रीस आणला. लगोलग वादही सुरू झाला. चालकाचे चित्त विचलित होईल, म्हणून काही राज्यांत बंदीचे प्रस्ताव मांडले गेले. मोटारसायकलीच्या बाबतीत मात्र वादाचाही प्रश्न नव्हता. त्या काळचा रेडिओ काचेच्या निर्वात नलिकांवर चाले. दुचाकीचे हादरे त्या नलिकांना सोसण्यासारखे नव्हते. तिच्या डायनॅमोची सारी शक्ती दिवा पेटवण्यातच खर्ची पडे. आणि एवढे करून आवाज निघालाच, तर तो इंजिन व वारा यांच्या गदारोळात विरून जाई.

(३)
म्हणून या इतिहासाच्या आरंभी संगीत रस्त्याच्या कडेला थांबलेले दिसते. लंडनच्या नॉर्थ सर्क्युलर रोडवर १९३८ मध्ये ‘एस कॅफे’ सुरू झाला. दुसऱ्या महायुद्धातील बाँबवर्षावात तो उद्ध्वस्त झाला आणि १९४९ मध्ये पुन्हा उभा राहिला. पन्नास-साठच्या दशकांत ‘रॉकर्स’ म्हणवणारे चामडी जाकिटांतील तरुण तेथे जमत. त्यांच्याविषयीची आख्यायिका प्रसिद्ध आहे : ज्यूकबॉक्समध्ये नाणे टाकायचे, गाणे सुरू होताच मोटारसायकलीवर झेप घ्यायची आणि ठरलेल्या वळणाला वळसा घालून गाणे संपण्यापूर्वी परत यायचे. ही कथा कितपत खरी, हा प्रश्न बाजूला ठेवला तरी तिचा अर्थ लक्षणीय आहे. या शर्यतीत गाणे म्हणजे घड्याळ होते. स्वार सोडून बाकी सगळे ते ऐकत असत!

(४)
वाहन आणि गाणे यांची गाठ प्रथम घातली ती चित्रपटाने. १९६९ चा ‘ईझी रायडर’ आठवा. स्वतंत्र पार्श्वसंगीत रचून घेण्याऐवजी त्या काळच्या लोकप्रिय रॉक ध्वनिमुद्रिकाच त्यात वापरल्या गेल्या. पडद्यावरच्या त्या लांब दांड्यांच्या मोटारसायकलींवर रेडिओ नव्हता. तरीही प्रेक्षकांच्या मनात ठसले की, मोकळा रस्ता, वेग आणि गाणे हा एकच अनुभव आहे. तंत्रज्ञान येण्याआधी त्याची आस आली होती.

(५)
आपल्याकडेही हेच घडले. ‘अंदाज’ (१९७१) मधील मोटारसायकलीवरचे राजेश खन्ना आणि हेमा मालिनी, किंवा ‘शोले’ (१९७५) मधील साइडकारची जोडगोळी कोणाला ठाऊक नाही? यात एक गंमत दडलेली आहे. हिंदी चित्रपटांत गाणे आधी स्टुडिओत ध्वनिमुद्रित होई आणि चित्रीकरणाच्या वेळी ते मोठ्याने वाजवले जाई, जेणेकरून नटाला ओठ जुळवता यावेत. म्हणजे सत्तरच्या दशकात दुचाकीवर बसून गाणे ऐकू शकणारा भारतीय स्वार बहुधा चित्रपटाचा नायकच असावा! बाकीच्यांनी ते मनात गुणगुणायचे.

(६)
ही कोंडी फोडली ट्रान्झिस्टरने. १९४७ च्या अखेरीस अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत त्याचा शोध लागला आणि १९५४ मध्ये खिशात मावणारा रेडिओ बाजारात आला. नलिका गेल्या, वजन घटले, वीज कमी लागू लागली. भारतात रेडिओ बाळगण्यासाठी त्या काळी टपाल कार्यालयाचा परवाना लागे. तरीही सायकलीच्या हँडलला ट्रान्झिस्टर अडकवून गाणी ऐकत जाणारा माणूस गावोगावी दिसू लागला. सायकल मुकी असते, म्हणून तिच्यावर हे जमले. मोटारसायकलीचा स्वतःचा आवाज मात्र अजून आड येत होता.

(७)
त्यावर पहिला उपाय निघाला तो दांडगाईचा. होंडाने १९७५ मध्ये ‘गोल्ड विंग’ आणली. १९८० च्या ‘इंटरस्टेट’ या आवृत्तीत तिला कारखान्यातूनच वाऱ्याला अडवणारे मोठे आवरण व सामानाच्या पेट्या मिळाल्या, आणि स्टिरिओ बसवण्याची सोयही झाली. वारा अडला, म्हणून ध्वनिवर्धकाला अर्थ आला. पुढे वेगाबरोबर आवाज आपोआप वाढवणारी यंत्रणाही आली. हे संगीत उघडे होते. ते स्वाराबरोबर सारा रस्ता ऐकत असे.

(८)
दुसरा उपाय नेमका उलट होता. १ जुलै १९७९ रोजी सोनीने जपानमध्ये ‘वॉकमन’ विक्रीस आणला. त्याच्या पहिल्या नमुन्याला हेडफोनसाठी दोन जागा होत्या आणि एक नारिंगी बटण होते. ते दाबले की गाणे मंद होई आणि दोन श्रोत्यांना एकमेकांशी बोलता येई. एकट्यानेच संगीत ऐकणे उद्धटपणाचे दिसेल, अशी धास्ती सोनीचे अकिओ मोरिता यांना वाटत होती. ते बटण लवकरच नाहीसे झाले. लोकांना एकटेपणच हवे होते.

(९)
मग कायदा जागा झाला. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यातील वुडब्रिज या नगराने १९८२ मध्ये हेडफोन लावून रस्ता ओलांडण्यास वा वाहन चालवण्यास मनाई केली. कॅलिफोर्नियात दोन्ही कान झाकून वाहन चालवणे निषिद्ध आहे. १९३० चा वाद चित्ताविषयी होता. आता प्रश्न कानांचा झाला. दुचाकीस्वाराला आरशाबाहेरचे जग कानांनीच कळते, हे येथे प्रथमच कायद्याच्या भाषेत उतरू लागले.

(१०)
या कथेतील पुढचे पात्र अनपेक्षित आहे : हेल्मेट. मे १९३५ मध्ये ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून ख्यात असलेले टी. ई. लॉरेन्स मोटारसायकल अपघातात डोक्याला इजा होऊन मरण पावले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत मेंदूशल्यविशारद ह्यू केर्न्स होते. पुढे त्यांनी युद्धकाळातील सैनिकी निरोप्यांच्या अपघातांचा अभ्यास करून हेल्मेटची उपयुक्तता सिद्ध केली. साठच्या दशकाच्या अखेरीस संपूर्ण चेहरा झाकणारे हेल्मेट आले आणि स्वाराचे कान एका बंद पेटीत गेले. प्राण वाचवण्यासाठी घडवलेली ही पेटीच पुढे संगीताची खोली ठरली.

(११)
त्या खोलीत तारेविना शिरकाव करून दिला ब्लूटूथने. या तंत्राची संघटना १९९८ मध्ये स्थापन झाली आणि त्याला नाव मिळाले ते दहाव्या शतकातील डेन्मार्कचा राजा हॅराल्ड ब्लूटूथ याचे. त्याचे बोधचिन्हही याच राजाच्या आद्याक्षरांच्या प्राचीन रून लिपीतील रूपांपासून घडले आहे. हेल्मेटमधील संचांवर आज गाणे ऐकता येते आणि मागे बसलेल्याशी बोलताही येते. मोरितांचे नारिंगी बटण वीस-पंचवीस वर्षांनी परतले, म्हणा ना!

(१२)
आता किमतीकडे वळू. ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास हेल्मेटमधील वाऱ्याचा आवाजच सुमारे ९५ ते १०० डेसिबलपर्यंत जातो. श्रवणरक्षणाचा एक सर्वमान्य निकष सांगतो की, ८५ डेसिबल आठ तास सोसता येतो आणि दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होते. या हिशेबाने १०० डेसिबलला उरतात अवघी पंधरा मिनिटे. गाणे ऐकू यायचे, तर ते या वाऱ्याहून मोठे हवे. म्हणूनच लांब पल्ल्याचे अनेक जाणते स्वार कानात बोळे घालतात. ते गाण्यासाठी नसतात, वारा कमी करण्यासाठी असतात.

(१३)
हे सारे मी पुस्तकांतूनच शिकलो असतो, तर बरे झाले असते. गेल्या पावसाळ्यात एका किल्ल्याकडे जाताना घाटात माझ्या दोन्ही कानांत इअरफोन होते. मागून येणाऱ्या ट्रकचा हॉर्न मला ऐकू आला नाही. कळला तो मागे बसलेल्या मित्राने खांदा ओढला तेव्हा. ट्रकचालकाने ब्रेक लावला होता, म्हणून हा धागा लिहिला जात आहे. चूक सर्वस्वी माझी होती. कोणते गाणे सुरू होते, हे मला आजही आठवते, आणि ते मी त्यानंतर ऐकलेले नाही.

(१४)
फ्रान्सने १ जुलै २०१५ पासून सायकलस्वारांसह सर्व चालकांना कानात इअरफोन घालण्यास बंदी केली, परंतु हेल्मेटमध्ये बसवलेल्या ध्वनिवर्धकांना मुभा ठेवली. भेद सूक्ष्म वाटला तरी त्यात नऊ दशकांचा इतिहास सामावला आहे : संगीत असावे, पण रस्त्याला कानाचे दार उघडे राहावे. एस कॅफेतले तरुण गाणे मागे ठेवून निघत आणि त्याच्याकडे परत येत. त्यांच्या शर्यतीचे अनुकरण कोणी करू नये. परंतु गाणे मुक्कामावर आपली वाट पाहत असते, एवढे त्यांच्याकडून अवश्य घ्यावे.

धागा उपयुक्त वाटल्यास त्या मित्राला जरूर पाठवा, जो ‘एकाच कानात घालतो’ असे सांगतो.